मास्तरांचं डुगडुगतं बाकडं

नोटीस चार टाचण्यांनी लावली होती, चार कोपऱ्यांना चार, पितळी डोक्याच्या. हजेरीच्या यंत्राशेजारी, म्हणजे आत येणाऱ्या प्रत्येकाच्या नाकासमोर. साडेतीनशे माणसं रोज सकाळी तिथे रांग लावतात. त्या सोमवारी साडेतीनशे माणसांनी वाचलं की पॅटर्न शॉपच्या मुख्य कारागिरांनी भागीदार कंपनीपासून तांत्रिक माहिती हेतुपुरस्सर लपवली, म्हणून चौकशी होईपर्यंत त्यांना कामावर येता येणार नाही.

मी नववीत शाळा सोडलीय. 'हेतुपुरस्सर'पाशी माझी गाडी अडली. मागे मशीन शॉपचा मिस्त्री उभा होता, त्याला विचारलं, "हे काय आहे?"

"मुद्दाम," तो म्हणाला आणि माझ्याकडे न बघता कार्ड दाबून आत गेला.

मुख्य कारागीर म्हणजे माझा मामा. आईचा सख्खा भाऊ. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नोटीस फाडायला हात वर केला तर सिक्युरिटीवाल्याने मनगट धरलं.

"पोरी, तुझीही लागेल."

"लावा की," म्हटलं, "टाचण्या मी आणून देते."

पण असं मधूनच सांगण्यात अर्थ नाही. मामा कोण ते आधी सांगते, म्हणजे तुम्हालाही राग येईल.

आमचा कारखाना पंपांचा. पंपाचं लोखंडी अंग, त्याला आम्ही केसिंग म्हणतो, ते ओतीव असतं. आधी लाकडाचं तसंच्या तसं अंग बनवायचं, तो पॅटर्न. पॅटर्न वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा, आणि वाळूत जी पोकळी राहते तिच्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. थंड झालं की केसिंग तयार. ऐकायला सोपं आहे. पण लोखंड थंड होताना आकसतं, आणि सगळीकडून सारखं आकसत नाही. आमचं मोठं केसिंग चार फूट लांब, वरून पातळ, खाली जाड. थंड होता होता त्याची दोन्ही टोकं खाली झुकतात आणि बुडाशी मधोमध पोकळ राहतं. पॅटर्न सरळ केला तर माल वाकडा येणार म्हणजे येणारच.

मग मामा पॅटर्नच उलटा वाकडा करतो. बुडाला मधोमध दोन सूत पोट ठेवतो. सूत म्हणजे सुताराचं माप, इंचाचा आठवा हिस्सा. लोखंड जेवढं इकडे वाकणार, तेवढं लाकूड आधीच तिकडे वाकवून ठेवलेलं. ह्यालाच तो वाढ म्हणतो. थंड झाल्यावर दोघांची फिटंफाट. केसिंग टेबलावर ठेवलं तर खालून कागद सरकत नाही.

ही दोन सूत कुठल्याही ड्रॉइंगमध्ये नाहीत. ड्रॉइंग तयार मालाचं असतं, आणि तयार माल सरळच असतो. ती दोन सूत मामाच्या हातात आहेत. कुणी विचारलं तर तो सांगतो, अगदी चहावाल्यालाही सांगतो. फक्त कुणी विचारत नाही.

सोळाव्या वर्षी तो इथे लागला. करवतीने डाव्या करंगळीचं टोक नेलं तेव्हा अठराचा होता. दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून हजर, कारण चिकटवलेलं लाकूड वाळलं होतं आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला चालणार नव्हता. त्याच्या लग्नाच्या फोटोत कानावर पेन्सिल आहे. मामी अजून तो फोटो पाहुण्यांना दाखवते, "बघा, मंडपात माप घ्यायला आले होते."

मी शाळा सोडली तेव्हा घरात सगळे माझ्यावर तुटून पडले. मामा आला, पाणी प्यायला, म्हणाला, "कंटाळा कशाचा येतो?"

"एका जागी बसायचा."

"मग हलणारं काम शोधू."

त्याने मला कारखान्यातल्या सामान उचलणाऱ्या गाडीवर, फोर्कलिफ्टवर, शिकायला बसवलं. ओळखीने नोकरी लावली असं म्हणणाऱ्याने पुढे येऊन म्हणावं. पंधरा दिवस तो गाडीच्या दोन सुळ्यांवर फळी ठेवायचा, फळीवर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला, आणि मला अंगणभर फिरवायचा. पेला सांडला की पहिल्यापासून. परीक्षेच्या दिवशी माझा एक थेंब सांडला नाही. सात उमेदवारांत मी पहिली आले, आणि हे शाळेला कुणीतरी कळवायला पाहिजे होतं.

आणि एक सांगायचं राहिलं, बाकडं. पॅटर्न शॉपच्या खिडकीखाली मामाचं एक जुनं लाल बाकडं होतं. त्यावर बसून तो डबा खायचा. ते डुगडुगायचं. शेजारी कुणी बसलं की मामा वर, तो उठला की दुसरा खाली. पंधरा वर्षं सगळा कारखाना हसत होता. "मास्तर, जगाचं सरळ करता, आणि तुमचं बाकडं असं?" मामा तोंडातला घास संपवून म्हणायचा, "त्याला डुगडुगायलाच बनवलंय." लोकांना वाटायचं, म्हातारा विनोद करतोय.

दोन वर्षांपूर्वी कारखान्याची सोयरीक ठरली. आम्ही तेच म्हणायचो. परदेशातली मोठी मोटर बनवणारी कंपनी आणि आम्ही, दोघांची मिळून तिसरी कंपनी. मोटर त्यांची, पंप आमचा, बाजार दोघांचा. मालकांचा मुलगा, धाकटे साहेब, तिकडेच शिकून आलेले, त्यांनीच जुळवून आणलं. पाहुणे तीन वेळा बघायला आले. प्रत्येक वेळी आम्ही झाडलं, पुसलं, भिंती रंगवल्या. मिस्त्री म्हणायचा, "आपण मुलीकडचे, नीट उभे राहा."

करार असा जाड की दाराला अडकण म्हणून लावता येईल. निम्मं त्यांचं, निम्मं आपलं. दर तीन महिन्यांनी संयुक्त समितीची बैठक, एकदा इथे, एकदा तिथे. कुठलाही निर्णय दोघांची सही असल्याशिवाय नाही. आणि एक कलम असं की आपल्याकडे पंप बनवायची जी काही विद्या आहे ती सगळी तिसऱ्या कंपनीला द्यायची. काही लपवलं असं निघालं तर त्यांना तीस दिवसांत बाहेर पडायची मोकळीक. सह्या झाल्या, दोन झेंडे लावून फोटो निघाला, आम्हाला प्रत्येकी एक टोपी मिळाली. माझी टोपी पहिल्या धुण्यात आक्रसली. मामाने ती बघितली आणि म्हणाला, "शिवणाऱ्याने वाढ धरली नाही."

गेल्या वर्षी ठरलं की मोठी केसिंग त्यांच्याकडेही ओतायची. पॅटर्न मात्र आमचे जाणार, सहा नग, मामाने चार महिने खपून केलेले. पाठवायच्या आधी त्यांचा माणूस तपासून जाणार होता. नेमकं त्याच आठवड्यात मामीच्या डोळ्याचं ऑपरेशन. मामा पाच दिवस रजेवर.

आता जे सांगणार आहे त्यात माझेही हात आहेत, म्हणून मला माझाही राग येतो.

धाकटे साहेब पॅटर्न शॉपमध्ये आले. हातात लांब पोलादी पट्टी. पहिल्या पॅटर्नच्या बुडाला लावली. दोन्ही टोकांशी फट. दुसऱ्याला लावली, तीच फट. चेहरा असा झाला जसं काही पाहुण्यांसमोर पँट फाटली. मला हाक मारली, "हे सहाही मशीन शॉपला ने. जरा तोंड नीट करून घेऊ."

मी नेले. माझ्या ह्या हातांनी. पेला न सांडणाऱ्या हातांनी, एकेक करून, धक्का न लागता. मला वाटलं रंगकाम असेल. दोन दिवसांनी परत आणले तेव्हा नवा लाल रंग चकाकत होता. पाहुणा आला, पट्टी लावली, कुठेही फट नाही, खूश झाला. पेट्या बंद, जहाजावर.

मामा परत आला. रिकामी मांडणी बघितली. "नीट गेले?"

"एकदम. रंगसुद्धा नवा मारला."

"रंग कशाला?" तो म्हणाला, आणि एवढंच म्हणून कामाला लागला.

साहेबांना फोन करायला एक मिनिट लागलं असतं. मास्तर, हे वाकडं का? मास्तरांनी दवाखान्याच्या बाकावरून सांगितलं असतं. पण नाही. बारा वर्षं तिकडे शिकलेल्या माणसाने सुताराला विचारायचं? दोष दिसला, झाकून टाका. मुलीचा डाग लपवावा तसा.

पाच महिन्यांनी तिकडची पहिली चाळीस केसिंग वाकडी निघाली. सगळी. त्यांनी तपास केला, आमच्याकडच्या मालाशी ताडून पाहिला. त्याच ड्रॉइंगचे पॅटर्न, तेच लोखंड, तीच वाळूची कृती, आणि इथला माल सरळ, तिथला वाकडा. त्यांनी पत्र लिहिलं, तुम्ही काहीतरी लपवलंय. ते कलम लावू. त्यांचं तरी काय चुकलं? मीही तेच म्हटलं असतं.

धाकट्या साहेबांना त्या दिवशी नक्की कळलं काय झालंय ते. एवढा मूर्ख माणूस नाही तो. आणि त्यांनी काय केलं? नोटीस लावली.

त्या सोमवारी दुपारी मी अर्धी सुट्टी टाकून मामाकडे गेले. स्वयंपाकघराच्या ओट्यावर त्याने सगळ्या पटाश्या मांडल्या होत्या आणि एकेक धार लावत होता. त्या पटाश्यांना आधीच अशी धार होती की नुसतं बघितलं तरी बोट कापेल.

मामी खुर्चीत, त्या ऑपरेशनपासून काळा चष्मा सुटलेला नाही. "आली का तू? सांग ह्यांना काही. सकाळपासून हेच चाललंय. मला एका डोळ्याने दिसतं, पण ह्यांच्यापेक्षा जास्त दिसतं."

मामाने मान वर न करता विचारलं, "पोरी, पॅटर्न मशीन शॉपला नेले होते का?"

मी ओट्यावरची एक पटाशी उगाच सरळ करून ठेवली.

"नेले होते ना?"

"हो. मी नेले. मला काय माहीत मामा, साहेब म्हणाले तोंड नीट करायचं, मला वाटलं—"

"तुझं काही चुकलं नाही. गाडीवाल्याने सामान न्यायचं असतं." त्याने पटाशी पुसली. "पोट छाटून टाकलं असणार."

मिस्त्रीने दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी कबूल केलं. इकडे तिकडे बघत, कप तोंडाशी धरून. "मला म्हणाले बुडाचं पोट काढून टाक, पाहुणे हसतील. मी विचारलं, मास्तरांना कळवू का? म्हणाले, तू मशीन चालव."

"मग हे सगळ्यांसमोर सांग!"

"मला दोन पोरं आहेत गं."

"मामाला भाची आहे," म्हटलं, आणि त्याचा चहा मीच ओतून दिला. जमिनीवर.

पण त्याच्याहून जास्त राग मला मामाचा आला. साहेबांनी त्याला नोटिशीच्या आदल्या शनिवारी केबिनमध्ये बोलावलं होतं. म्हणाले, मास्तर, समजून घ्या, दोन-तीन महिने घरी बसा, पगार चालू ठेवतो, मी हे निस्तरतो, मग परत या. मामा म्हणाला, काम नाही तर पगार नको. आणि उठून आला. बस, एवढंच!

त्याच संध्याकाळी मी त्याला घरी गाठलं. "तू तोंडावर का नाही सांगितलंस, तुम्हीच सरळ केलेत म्हणून?"

"त्यांना माहीत आहे."

"पाहुण्यांना नाही ना माहीत!"

"पाहुण्यांना मी सांगितलं तर काय होईल? म्हणतील मालकच खोटा. सोयरीक मोडली. साडेतीनशे घरं आहेत त्याच्यामागे."

"आणि तुला चोर म्हणतात ते?"

त्याचा धार लावणारा हात थांबला. "ते मला सहन होत नाही," तो म्हणाला. "पण हे त्यांनी स्वतः सांगायला पाहिजे. दुसऱ्याने सांगून ते सरळ होत नाही. आणि तू तोंड उघडायचं नाहीस. शपथ घे."

मामी म्हणाली, "घेऊ नको गं."

मी घेतली. तोंड उघडणार नाही अशी. त्या आठवड्यात पॅटर्न शॉपच्या दोन पोरांनी मला बघून वाट बदलली. कुणीतरी मामाच्या टेबलाच्या खणावर खडूने 'गुपित' लिहून ठेवलं. मी ते पुसलं नाही. ओल्या फडक्याने पुसलं असतं तर माझ्या हातून खणच निघून आला असता.

नवव्या दिवशी, मंगळवारी, संयुक्त समिती आली. बैठक मोठ्या दालनात नाही, थेट तपासणी विभागात ठेवली, कारण त्यांनी दोन वाकडी केसिंग पुरावा म्हणून सोबत आणली होती. तिथे मोठं लोखंडी टेबल आहे, आरशासारखं सपाट, मापं घ्यायचं. एक केसिंग त्याच्यावर मांडलं होतं. टोकं टेबलाला टेकलेली, मधून उजेड आरपार.

पाहुण्यांकडून मुख्य होती ती एक पांढऱ्या बॉबकटची बाई. साठीची असेल. नखं आखूड, आणि अंगठ्याच्या पेराला जुना भाजल्याचा डाग. तो डाग मला लांबूनच दिसला. ओतकामात काम केलेल्या माणसालाच तो तिथे असतो. आमच्या निम्म्या लोकांना आहे. तिला आमची भाषा येत नव्हती. मामाला तिची येत नव्हती. दोघांच्या मधे धाकटे साहेब. म्हणजे ज्याने केलं तोच दुभाषा. मामाने काहीही सांगितलं तरी तिच्यापर्यंत पोचणार ते साहेबांच्या तोंडून.

मामाला चौकशीला बोलावलं होतं. धुतलेला शर्ट, कानावर पेन्सिल. त्याला बसायला खुर्ची दिली नाही. सगळे बसले आणि तो उभा. मी काचेच्या मोठ्या दारापलीकडे गाडीवर होते, खोकी हलवायच्या निमित्ताने. ती खोकी मी चार वेळा उचलली आणि चार वेळा तिथेच ठेवली.

त्याला उभं बघून मला एकदम खुर्ची सुचली. खुर्ची कसली, त्याचं बाकडं. म्हटलं, निदान बसेल तरी. गाडी वळवली, पॅटर्न शॉपमध्ये गेले, सुळे बाकड्याखाली घातले आणि उचललं. उचलताना ते सुळ्यांवर डुललं. इकडून तिकडे, तिकडून इकडे. चार फूट लांब. लाल. बुडाला पोट.

मी गाडी बंद केली आणि उतरून बघितलं. पंधरा वर्षं आमच्या सगळ्यांच्या बुडाखाली होतं ते! मामाने पहिल्यांदा केसिंगसाठी केलेला कच्चा पॅटर्न, दोन सूत बसतात का बघायला बनवलेला. काम झालं, टाकवेना, त्याने बाकडं केलं. डुगडुगायलाच बनवलंय.

तोंड न उघडायची शपथ होती. गाडीची नव्हती.

तपासणीचं दार मी हॉर्न वाजवत उघडायला लावलं. सिक्युरिटीवाला आडवा आला आणि सुळे बघून बाजूला झाला. धाकटे साहेब ओरडले, "हे काय चाललंय? कोणी बोलावलं हिला? बाहेर काढ गाडी!"

मी तोंड उघडलं नाही. बाकडं अलगद खाली आणलं आणि लोखंडी टेबलावर ठेवलं, त्यांच्या केसिंगशेजारी. ठेवलं तसं ते डुललं. टक. टक. टक. त्या सपाट टेबलावर तो आवाज असा घुमला की सगळ्यांच्या माना वळल्या.

साहेब पुन्हा काही बोलायला लागले. बॉबकट बाईने त्यांच्याकडे न बघता नुसता हात वर केला. उठून टेबलाशी आली. बाकड्याचं एक टोक बोटाने दाबलं. सोडलं. पुन्हा दाबलं. मग वाकून डोळा टेबलाच्या पातळीला आणला.

आणि तेव्हा मामा हलला. नऊ दिवस जो माणूस दगडासारखा होता तो माझ्याकडे बघून म्हणाला, "ते केसिंग उलटं करायचंय. साखळी लाव."

जड माल उचलायचा साखळीचा पाळणा मशीन शॉपचा मिस्त्री चालवतो. तो कोपऱ्यात उभा होता, घाम पुसत. सगळ्यांना वाटलं हा आता पळतो. तो आला. साखळी अडकवली, केसिंग उचललं, बुड वर करून ठेवलं. बुडाची पोकळी आता आभाळाकडे. मामाने बाकड्याचं एक टोक धरलं, दुसरं मी. म्हणाला, "हळू. पेला आहे समज."

लाकडाचं पोट लोखंडाच्या पोकळीवर ठेवलं.

बसलं. डुगडुगणं बंद. इकडून फट नाही, तिकडून फट नाही. पंधरा वर्षांपूर्वी मामाने जेवढं लाकूड वाकवलं होतं तेवढंच लोखंड समुद्रापलीकडे वाकलं होतं. तेवढंच.

बाईने खिशातून स्वतःचं कार्ड काढलं आणि कडेने मधे सारायला गेली. जाईना. चारी बाजूंनी करून बघितलं. मग ते वाकलेलं कार्ड टेबलावर ठेवून ती मामाकडे वळली आणि काहीतरी विचारलं. सरळ त्याला, साहेबांना नाही.

साहेब भाषांतर करू लागले. "त्या विचारतायत... की आम्हाला पाठवलेले पॅटर्न मग सरळ का होते."

मी मामाकडे बघत होते. सांग रे बाबा. आता तरी सांग. मिस्त्रीही बघत होता, आणि त्याचा चेहरा असा की हा आता मला फासावर देणार.

मामाने कानावरची पेन्सिल काढली, बोटात फिरवली, परत ठेवली. म्हणाला, "साहेब, मी त्या आठवड्यात दवाखान्यात होतो. काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, आणि भाषाही तुम्हालाच येते. तुम्हीच सांगा."

साहेबांनी बाईकडे बघितलं. मग बोलायला लागले. मला अक्षर कळलं नाही. पण त्यांनी आधी टेबलावरच्या पोलादी पट्टीकडे बोट केलं, मग मशीन शॉपच्या दिशेने, आणि मग ते बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं. तिथून ते खाली आलं नाही. आवाज बारीक होत गेला. बाईचा चेहरा काही मऊ झाला नाही. ती दोनच वाक्यं बोलली, आणि साहेबांचे कान लाल झाले.

नंतर तिने खुर्ची ओढली. स्वतःची. मामासमोर ठेवली.

मामा बसला नाही. म्हणाला, "साहेब, त्यांना सांगा, माझ्याकडे अजून सोळा पॅटर्न आहेत, प्रत्येकाची वाढ वेगळी. सगळ्या लिहून देतो. करारात जोडा. आधीच दिल्या असत्या, कुणी मागितल्या नाहीत. पण त्याआधी एक काम."

"बोला मास्तर."

"नोटीस."

"ती आजच काढतो. आत्ता."

"काढून चालणार नाही. ती नऊ दिवस लागली होती. आता दुसरी लावा. त्याच जागी. तुमच्या सहीने. आणि नऊ दिवस."

साहेब म्हणाले, "मास्तर, आपलं आपण समजून घेऊ, एवढं सगळ्यांसमोर..."

"पहिली सगळ्यांसमोर होती," मामा म्हणाला.

सोयरीक मोडली नाही. पण पाहुण्यांनी निम्म्याऐवजी एकावन्न टक्के मागितले आणि घेतले. साहेब आता बैठकीत कमी बोलतात. मला त्याचं सोयरसुतक नाही. बाई चार दिवस राहिली. ती आणि मामा, मधे धाकटे साहेब शब्द इकडून तिकडे वाहणारे, असे तिघे पॅटर्न शॉपमध्ये बसून सोळा पॅटर्नच्या वाढी लिहीत होते. दुसऱ्या दिवसापासून दोघांना साहेब लागेनासे झाले. ती बोटांनी दाखवायची, हा मान हलवायचा. चुकलं की दोघं एकदम नाही म्हणायचे.

बुधवारी सकाळी नवी नोटीस लागली. 'पॅटर्नमधील आवश्यक वाढ माझ्या आदेशावरून काढून टाकण्यात आली. मुख्य कारागिरांनी कोणतीही माहिती लपवली नव्हती. त्यांच्यावर मी केलेला आरोप खोटा होता.' खाली सही. हे मी एका दमात वाचलं. मोठ्याने. रांगेत. कार्ड दाबायला आलेल्या प्रत्येक पाळीला पुन्हा वाचलं, पॅटर्न शॉपची ती दोन पोरं आली तेव्हा जरा जास्तच सावकाश. त्यातला एक म्हणाला, "कळलं गं, किती वेळा?"

"नऊ दिवस आहेत," म्हटलं.

चौथ्या दिवशी हिशेबवाल्या विभागातलं कुणीतरी त्या नोटिशीवर टोप्यांच्या वाटपाचा कागद लावून गेलं. मी गाडी आडवी लावून तो कागद काढायला लावला. त्यावरून मला ताकीद मिळाली. लेखी. ती मी जपून ठेवलीय.

बाकडं पाहुणी घेऊन गेली. मागितलं, आणि मामा म्हणाला न्या. लाकडी पेटीत भरलं तेव्हा मी स्वतः उचललं आणि पेटीवर 'मशीन शॉपमध्ये थांबू नये' असं मोठ्या अक्षरात लिहायला लावलं. आता मामा डबा खायला उलट्या खोक्यावर बसतो. ते खोकं हलत नाही, आणि त्याला ते आवडत नाही.

नऊ दिवस पुरे झाले त्या संध्याकाळी पाळी सुटल्यावर मामा नोटिशीपाशी आला. मी शेजारी उभी होते. त्याने कागद वाचला नाही. नखाने एकेक टाचणी काढली, चारही, कागद घडी करून मला दिला, "मामीला वाचून दाखव, तिला अजून बारीक दिसत नाही." टाचण्या तळहातावर घेऊन बघितल्या, एक किंचित वाकली होती. अंगठ्याने दाबून ती सरळ केली आणि चारही शर्टाच्या खिशात टाकल्या.

"तुझा राग गेला का?" त्याने विचारलं.

"नाही."

"माझाही नाही," मामा म्हणाला, आणि आम्ही घरी निघालो.